पाठमोरा

भरतेशनं माउस जरासा ओढला तसा स्क्रीनवरचा जवान हळूच वळून पाठमोरा झाला, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेला नाथाजी दचकून पुढं सरकला. तसं बघितलं तर दचकावं असं त्यात काही नव्हतं. कुपवाडच्या एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड, त्यातली काचेची केबिन, एसीचा गारवा, आणि स्क्रीनवर एका माणसाचं खांद्यापर्यंतचं राखाडी डोकं. समोरून ते उदयसिंहचं होतं. उंब्रजच्या पुढच्या गावचा हा पोरगा गेल्या साली सीमेवर शहीद झाला. घरच्यांनी दिलेला त्याचा एकच फोटो मशीनला दाखवला होता, आणि तेवढ्यावरनं मशीननं नाक, हनुवटी, भुवया असं सगळं बिनचूक उभं केलं होतं. टोपी अजून चढवली नव्हती. आधी उघडं डोकं पुरं करायचं आणि मग त्यावर टोपी घालायची, ही पद्धत मूळची पुतळे करणाऱ्या नाथाजीची. तीसुद्धा मशीननं उचलली होती. त्याचं नाथाजीला काही वाटलं नाही, वाटायचं ते दिवाळीतच वाटून झालं होतं. पण ही मागची बाजू? फोटोत मागची बाजू नसते. मग हा मानेचा खळगा, डावीकडं जरा सरकलेला, त्याच्यावरचा सुपारीएवढा उंचवटा, उजव्या कानामागचं किंचित पुढं आलेलं हाड, हे ह्याला कुणी सांगितलं? ही मान त्याच्या ओळखीची होती. जगात दुसऱ्या कुणाच्या ओळखीची नसेल एवढी होती. ती उदयसिंहची नव्हतीच. ती आकारामची होती, नाथाजीच्या थोरल्या भावाची.

"हे मागचं कुठनं आणलंस?" त्यानं विचारलं.

"मागचं? ते मशीननं केलं की ओ तात्या."

"फोटोत न्हवतं ते."

"नसतंच. जे दिसत नाही ते अंदाजानं भरतंय ते. शिकवलंय त्याच्यावरनं. तुमचेच पुतळे शिकवलेत नव्हं का त्याला." भरतेशनं डोकं आणखी एकदा फिरवलं. तोंड आलं, गेलं, पुन्हा मान आली. "आता बघा, कुणाचाबी फोटो द्या, मागं हे असं येणार. सेट झालंय ते. का? काय चुकलंय का?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "चुकलं न्हाई."

भरतेश म्हणजे नाथाजीच्या कारखान्याला तारा आणि सळ्या पुरवणाऱ्या धरणेंद्र शेठचा मुलगा. लहानपणी बापाबरोबर यायचा आणि शाडूच्या मातीचे गोळे करून भिंतीवर मारायचा, म्हणून नाथाजीनं त्याला दोनदा हाकलला होता. पुढं इंजिनिअर झाला, पुण्यात राहिला, परत आला आणि कुपवाडला मशिनी टाकल्या. पोरगा सरळ, बोलायला गोड, त्यात खोट काही नव्हती. नाथाजीचा हात कापायला लागला, कोरणी धरली की ती आपली आपणच नाचायला लागली, तेव्हा दिवाळीत हाच पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "तात्या, हात थांबला तरी तुमचं काम थांबायला नको." नाथाजीनं हो म्हटलं. मग भरतेश कॅमेरा घेऊन मेढ्यापासून विट्यापर्यंत फिरला. विट्याकडच्या गलाईवाल्यांनी, सोनं गाळायला देशभर पांगलेल्या माणसांनी, आपापल्या गावांत नाथाजीकडनं पुतळे करून घेतले होते. साताऱ्याकडच्या गावांतनं तर एखाद्या चौकात जवानांचे दोन-दोन होते. भरतेश प्रत्येक पुतळ्याभोवती गोल फिरून फोटो घेत गेला. गोल कशाला फिरतोस, असं नाथाजीनं त्याला विचारलं नाही. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे मशीन आता आपल्यासारखं काम करणार म्हणजे नेमकं कसं करणार. आपल्यासारखं म्हणजे काय? आपलं असं त्यात होतं तरी काय?

हा प्रश्न त्याचा नव्हता, चित्रकलेच्या शाळेतल्या मास्तरांचा होता. वर्गात नाथाजीनं केलेलं एका हमालाचं डोकं त्यांनी खूप वेळ निरखलं होतं आणि म्हणाले होते, "हात बरा आहे रे तुझा. पण ह्यात तू कुठं आहेस?" हसत म्हणाले, वाईट बोलले नाहीत, पुढच्या पोराकडं गेलेसुद्धा. नाथाजी मात्र जन्मभर तिथंच उभा राहिला. त्याच्या वर्गातली काही पोरं पुढं मुंबईला गेली, वाकडीतिकडी लोखंडं जोडून त्यांना नावं देऊ लागली, त्यांचं पेपरात यायला लागलं. हा सांगलीत बसून फोटोबरहुकूम नाकं करत राहिला. गावाकडच्या माणसांना त्यात तो कुठं आहे हे नकोच होतं. त्यांना मिशी पाहिजे असायची. पोराला मिशी नसली तरी घाला म्हणायचे. छाती रुंद करा, नजर जरा कडक ठेवा, हसू नको. तो मिशी घालायचा, छाती रुंद करायचा, आणि घरी जेवताना मध्येच घास धरून बसायचा. बायको म्हणायची, पुन्हा मास्तर आले वाटतं.

आणि आता त्या थंड केबिनमध्ये त्याला मशीननं दाखवलं होतं, की बाबा रे, तू इथं होतास. मागं.

मेढ्याच्या शाळेला जायला घरात सायकल एकच. आकारामला घरात सगळे आप्पा म्हणायचे. आप्पा चालवायचा आणि नाथाजी कॅरियरवर मागं बसायचा. "बसलास का?" आप्पा विचारायचा. "बसलो." की मग तो पायडल मारायचा. रस्ता चढउताराचा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, पण ते सगळं आप्पाच्या कानाच्या बाजूनं जेवढं दिसेल तेवढंच. समोर कायम आप्पाची मान. घामानं चिकटलेले केस, न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यावर खाली राहिलेली पांढरी रेघ, तो डावीकडचा खळगा. हँडल सोडून आप्पाला मागं वळता यायचं नाही, त्यामुळं बोलणं व्हायचं ते मानेशीच. आप्पाला हसू आलं की खळगा भरून यायचा, राग आला की उंचवटा ताठ व्हायचा, आणि चढाला दमला की दोन्ही बाजूंच्या शिरा दिसायच्या. शाळेत मार बसला, गणित आलं नाही, चित्राला बक्षीस मिळालं, हे सगळं नाथाजीनं त्या मानेला सांगितलं. मग आप्पा भरती झाला. ट्रेनिंगला असतानाच कावीळ झाली आणि तो गेला. ना लढाई, ना सीमा. कावीळ होऊन मेलेल्याचा पुतळा कोण बसवतंय? फोटो म्हणाल तर ट्रेनिंगचा एक ग्रुप फोटो, त्यात आप्पाचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. नाथाजीनं तो भिंगाखाली धरून बघितला होता. भिंगात दाणा मोठा झाला, तोंड काही झालं नाही. आणि एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही, की त्याला आप्पाचा चेहरा आठवत नव्हता. लोकांचे चेहरे करून पोट भरणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाचा चेहरा आठवू नये, ह्याची त्याला फार लाज वाटायची.

पहिला पुतळा केला तेव्हाचं त्याला आता नीट आठवलं. समोरचं सगळं फोटोवरनं झालं होतं. मग तो मागं गेला आणि हात थांबला. मागचं कुठं कुणी सांगितलेलं? फोटो गप्प, घरचे गप्प. आणि मग हात चालला. अंधारात माणूस आपल्या घरच्या बटणाकडं हात नेतो तसा चालला. त्या वेळी त्याला कळलं होतं का? कळलं असावं. पण कळल्याचं त्यानं स्वतःला कळू दिलं नाही. पुढच्या पुतळ्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. लोक समोरून हार घालायचे, समोरून फोटो काढायचे, मागं कोण बघतंय? आणि भरतेश गोल फिरला. मशीनला समोर सगळी वेगवेगळी तोंडं दिसली असतील, आणि मागं एकच माणूस. म्हणजे नाथाजीनं जे केलं तेच मशीननं केलं होतं. ठाऊक नाही तिथं ओळखीचं भरलं. फरक एवढाच, की मशीनला भाऊ नव्हता.

त्याला आनंद झाला. लाज वाटली, पण आनंद झाला, हे खोटं कशाला बोला. इथनं पुढं कुणाचाही पुतळा होईल, त्याच्या मागं आप्पा असेल. आपण मेल्यावरही असेल. चौकाचौकात, गावागावात आप्पा पाठ करून उभा राहील. आता बनुबाईनं, उदयसिंहच्या आईनं, एकदा येऊन बघायचं आणि हो म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. भरतेशनं तसं ठरवूनच टाकलं होतं, की हा पुतळा पसंत पडला की पुढचे सगळे असेच, तात्यांनी फक्त नजर टाकायची. तिनं हो म्हणावं, असं नाथाजीला आतून फार वाटायला लागलं.

मशीननं कापलेलं थर्माकोलचं डोकं सांगलीच्या कारखान्यात आलं. त्याच्यावर शाडूचा थर द्यायचा असतो, ते काम अजून नाथाजीकडंच होतं. तोंडाला त्यानं घाईत माती लावली. मानेला लावताना मात्र दोन दुपारी घालवल्या. हात कापत होता, तरी बोटाला खळगा सापडत होता, उंचवटा सापडत होता. एकदा त्यानं नुसता तळवा ठेवला. गार, ओलसर लागलं. आप्पाची मान घामानं अशीच लागायची, सायकल उतारावरनं सुटली की नाथाजी भीतीनं तिला हात लावायचा तेव्हा.

माती बघायला घरच्यांनी यायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच साचा घ्यायचा, हा तर नाथाजीचा पहिल्यापासूनचा रिवाज. बनुबाई सुनेला घेऊन आली. डोईवर पदर, हातात पिशवी, पिशवीत नाथाजीसाठी गुळाची ढेप, कारण रिकाम्या हातानं जायचं नसतं. सून रेश्मा समोर उभी राहिली आणि लगेच तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. ती रडली म्हणजे तोंड जमलं, एवढं नाथाजीला अनुभवानं कळत होतं. भरतेशनंही मान डोलावली. बनुबाईनं मात्र समोरून जेमतेम बघितलं आणि ती सरळ मागं गेली.

"ताई, तोंड बगा की," नाथाजी म्हणाला. "काय कमीजास्त आसंल तर आत्ताच सांगा."

"तोंड हाय त्याचं. बरूबर हाय." ती मागंच उभी होती. "आवं दादा, ह्यो चौकात बसवणार हायती. तोंड हायवेकडं. आमचं घर पडतंय पाठीमागं. बाईमाणूस किती येळा चौकात जाऊन हुबी ऱ्हाणार? मला दारातनं जलमभर त्याची पाठच दिसायची. तवा मला पाठ बगू द्या."

ओल्या मातीला नाथाजी कुणाला हात लावू द्यायचा नाही. मंत्र्याला लावू दिला नव्हता. पण तिनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही तळवे मागनं डोक्याला लावले, आणि त्यानं तिला अडवलं नाही. ती मातीकडं बघतसुद्धा नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. तळवे हळूहळू वर गेले, कानामागनं खाली आले, खळग्यात थांबले.

"ह्ये माज्या उद्याचं न्हाई," ती म्हणाली.

भरतेश पुढं झाला. "मावशी, मागचा फोटो नव्हता ना, म्हणून मशीननं अंदाजे केलंय. आणि टोपी घातल्यावर बरंचसं झाकलं जाईल."

"अंदाजे न्हाई ह्ये." तिनं हात काढले नाहीत. "मशीनला काय कळतंय ह्यातलं. ह्ये तान्हेपणी तेल घालून, दाबून दाबून गोल केल्यालं डोकं हाय. कुणाच्या तरी आईनं लय जीव लावून केलंय ह्ये. माज्याच्यानं आसं न्हाई झालं."

मग ती बोलायला लागली, नाथाजीशी नाही, त्या डोक्याशीच. उद्या तान्हा असताना एकाच कुशीवर निजायचा, उजव्या. किती वळवला तरी पुन्हा तिकडंच. मोहरीची उशी केली, राळ्याची केली, सासू बोल लावायची की तुझ्या हाताला वळणच नाही. रोज आंघोळ घालताना ती दाबायची, पण शेतावरची घाई, उसाला पाणी, राहून गेलं. उजव्या अंगाला मानेच्या वर चपटं राहिलं ते राहिलंच. शाळेत पोरं चिडवायची. भरतीच्या वेळी केस बारीक केले तेव्हा सगळ्यांना दिसलं. सुट्टीवर आला की तो पायाशी बसून डोक्याला तेल लावून घ्यायचा, आणि तिचा हात त्या चपट्या जागी गेला की म्हणायचा, आई, ही तुझी सही हाय.

नाथाजी ऐकत होता आणि ऐकता ऐकता तो मेढ्याकडच्या घराच्या ओट्यावर गेला होता. पाय लांब करून बसलेली आई, पायांवर पालथी घातलेली धाकटी बहीण, वाटीतलं कोमट तेल. आईचा तळवा त्या इवल्या डोक्यावरनं फिरतोय, मागं येतोय, खळग्यात अंगठा जरा डावीकडं दाबतोय. कारण आईच्या उजव्या अंगठ्याला विळा लागलेला होता आणि तो सरळ दाबला जायचा नाही. डावीकडंच जायचा. हे त्यानं किती वेळा बघितलं होतं, आणि आज पहिल्यांदा बघितलं. म्हणजे तो खळगा आप्पाचाही नव्हता. ह्यात तू कुठं आहेस? मास्तर आज असते तर त्यानं त्यांना सांगितलं असतं, की मी कुठंच नाही मास्तर, मी नुसता मागं बसलो होतो. हात आईचा आहे. हे कळल्यावर त्याला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं नाही.

बनुबाईनं हात पदराला पुसले. "आता काय करायचं दादा? आसंच ऱ्हाऊ दे म्हणत आसाल तर ऱ्हाऊ दे. लोकं पुढनंच बगत्यात."

भरतेश नाथाजीकडं बघत होता. हो म्हटलं की झालं असतं. बाईनंच वाट मोकळी करून दिली होती. साचा झाला असता, पुढचे पुतळे झाले असते, प्रत्येक चौकात आप्पा उभा राहिला असता. आणि बनुबाई दारात बसून जन्मभर आप्पाची पाठ बघत बसली असती. नाथाजीनं हो म्हणायला तोंडसुद्धा उघडलं होतं. मग तो फळीकडं गेला, हॅक्सॉ ब्लेड घेऊन आला आणि कानामागनं खाली, मातीसकट थर्माकोल कापायला लागला. त्याला वेळ लागला. भरतेशनं पुढं केलेला हात त्यानं बाजूला सारला. मागचा सगळा भाग अखंड सुटून त्याच्या दोन्ही तळव्यांत आला. तो त्यानं फळीवर ठेवला.

मोकळ्या जागी त्यानं ताजी माती भरली आणि बनुबाईला स्टुलावर बसवलं. "दाबा," तो म्हणाला.

"मला न्हाई येत आसलं."

"तुमालाच येतंय. मी हाय की."

तिनं उजवीकडं तळवा दाबला. चपटं झालं. जास्त झालं म्हणून तिनं त्याचा हात धरला आणि पुन्हा माती लावायला लावली. त्याचा हात कापत होता तो तिच्या हाताखालीही कापतच राहिला, ती नुसतं म्हणाली, "गडबड न्हाई." संध्याकाळी ती दारापर्यंत गेली, तिथनं वळून बघितलं, थोडी डावीकडं सरकून पुन्हा बघितलं. तिच्या घराचं दार चौकापासनं असंच येत असावं. मग परत आत आली, फळीजवळ गेली आणि कापून ठेवलेल्या तुकड्याकडं बघत उभी राहिली.

"ह्ये कुणाचं?"

"भावाचं."

"पुतळा हाय त्येंचा?"

"न्हाई."

तिनं पिंपावर वाळत घातलेलं फडकं घेतलं, भिजवलं, पिळलं आणि त्या तुकड्यावर झाकलं. "वाळंल न्हाईतर," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारत गेली.

भरतेश मागं रेंगाळला होता. "तात्या, मशीनमधनं ते मागचं काढून टाकू का मग?"

"काढ."

"रिकामं ऱ्हाईल ते. तिथं काहीच येणार नाही."

"ऱ्हाऊ दे रिकामं. ज्याच्या त्याच्या घरच्यानं येऊन सांगावं."

"आणि सांगायला घरचं कुणी नसलं तर?"

नाथाजीनं फळीवरच्या फडक्याचं टोक नीट केलं. भरतेशही गेला.

मग नाथाजीनं फडकं काढलं आणि तुकडा फिरत्या पाटावर उभा केला. मागनं तो आप्पाच होता. पुढनं कापलेला थर्माकोल, पांढरा, सपाट. माती होती, वेळ होता. मशीनला सांगितलं असतं तर त्यानं ज्वारीच्या दाण्यावरनं एखादं तोंडही काढून दिलं असतं, आणि ते आप्पाचं आहे की नाही हे सांगायला आता जगात कुणी उरलं नव्हतं, ती धाकटी बहीणसुद्धा नाही. त्यानं एक गोळा घेतला, पुढं गेला, त्या पांढऱ्या जागेसमोर उभा राहिला. कपाळ कसं होतं? नाक? काही आठवेना. पण ह्या वेळी लाज वाटली नाही. त्यानं गोळा परत टोपलीत टाकला, स्टूल उचललं, मागं आणून ठेवलं आणि त्याच्यावर बसला. मान समोर आली. पलीकडचं काही दिसत नव्हतं, कानाच्या बाजूनं खिडकीचा एक तुकडा तेवढा दिसत होता.

"बसलो," तो म्हणाला.